आपणहून पडलेली कुस्ती

आत्ताच्या आत्ता सांगायचंय. ताट वाढून ठेवलंय, आई दोनदा हाक मारून गेली, पण आत्ता नाय टाइप केलं तर उद्या सकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घालून मोकळा होईन की जाऊ दे, एवढं काय त्यात. मला माझं माहितीये. एका माणसाला एक वाक्य सांगायचं राहिलंय. चारच शब्दांचं आहे. सहा वर्षं झाली. आज दुपारी तो माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, हातभर अंतरावर, तरी नाय सांगितलं.

तर पहिल्यापासून. मी पैलवान होतो. हसू नका. आत्ता आळेफाट्याला झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात बसतो, दाखल्यांचे अर्ज टाइप करून देतो, आणि गिऱ्हाईक माझी बोटं बघून म्हणतं, "एवढ्या जाड बोटांनी एवढं फास्ट?" पण दोन सीझन मी जत्रांमधल्या कुस्त्यांवर जगलोय. एकट्यानं. एकट्यानं म्हणजे कुठल्या तालमीचा नाय, वस्ताद नाय, बरोबर कोण पोरं नाय. आधी होती तालीम. जुन्नरला चार वर्षं काढली. पहाटे उठून जोर-बैठका, माती खणायची, मोठ्या पैलवानांकडून रगडून घ्यायचं. मग एका चैत्रात वस्ताद म्हणाले, "यंदा जत्रा खेळायच्या नाहीत. कच्चा आहेस." मी म्हणालो, खेळणार. ते म्हणाले, "मग पेटी उचल." मला वाटलं दारापर्यंत गेलो की हाक मारतील. नाय मारली.

तेव्हापासून पिशवीत लंगोट, टॉवेल, खोबरेलची बाटली, आणि खिशात कुठल्या गावची जत्रा कधी याची यादी. आण्याच्या पठारावर आमचं घर. तिथून खाली फाट्यावर यायचं आणि मिळेल ती एसटी धरायची.

पण एकट्याचे हाल असतात, राव. आखाड्यात जोड लावतात म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी ते पंच ठरवतात. ते पहिला प्रश्न विचारतात, "कुठली तालीम? वस्ताद कोण?" वस्ताद असला की तो पुढं होऊन म्हणतो, नाय नाय, हा वजनानं जास्ती आहे, आमच्या पोराला दुसरा द्या. माझ्यासाठी बोलणारं कोणीच नव्हतं. मग कोणी घ्यायला तयार नसलेला रेडा माझ्या अंगावर. पहिल्या महिन्यात पाचदा आभाळ बघितलं.

आणि मग दुसऱ्या सीझनला मी ती आयडिया काढली. तेव्हा लई हुशारी वाटली होती. आत्ता टाइप करताना कान गरम झालेत, आणि गोष्ट कानांचीच आहे.

पश्चिमेला डोंगरात, तळेघरच्या पुढं, छोट्या छोट्या गावांच्या जत्रा होतात. तिथली पोरं भातखाचरात राबलेली, पाय असे की सागाचे. पण तालीम नाय, डाव माहीत नाय. नुसती ताकद. तिथं गेलं की मी राजा. फक्त अडचण एक. तालमीत रगडून रगडून पैलवानाचा कान सुजतो, आत रक्त गोठतं, मग तो कायमचा गोळा होऊन बसतो. भज्यासारखा. माझे दोन्ही तसे. कान बघितला की शेंबडं पोरगं पण सांगतं की हा तालमीतला आहे, आणि मग डोंगरातले पंच त्यांच्या पोराशी जोड लावणारच नाहीत.

म्हणून मी कान झाकले. दोन्ही बाजूंनी कापूस आणि वरून फडकं, हनुवटीखाली गाठ. कोणी विचारलं की म्हणायचं, "कान फुटलाय, डॉक्टरनी वारं लागू देऊ नको म्हणून सांगितलंय." आणि वस्ताद कोण? "कोण नाय ओ, आमी पण शेतातलंच." झालं. एका महिन्यात तीन जत्रांमध्ये तीन पोरं मी अशी चितपट केली. शेतकऱ्याची पोरं, अंगात ताप असला तरी गावासाठी लंगोट लावणारी. पटका बांधून मिरवलो. घरी आईला सांगितलं, मोठे पैलवान पाडले.

चौथी जत्रा ही.

तिकडं पद्धत अशी की बाहेरून आलेले पैलवान घरोघर वाटून घेतात जेवायला. हॉटेल-बिटेल काय नाय. सकाळी एसटी जिथं सोडते तिथून दोन तास चालून मी गावात पोचलो, पाराजवळ एकानं हात धरला, "चला पावणं, तुमी आमच्याकडं." माझ्याएवढाच, बावीस-तेवीसचा. सावळा, बुटका, खांदे एवढे की दारातून तिरका होऊन आत गेला. बोलायला लागला की थांबेना, अगदी माझ्यासारखा.

"पावणं, पठाराव मोठं मोठं पैलवान येत्यात म्हणं जत्रंला?"

"येतात की."

"तुमी बगितल्यात? ढाक कशी मारत्यात वो? आमी नुसतं आयकलंय. मी न् शेजारचा, आमी खाचरात करून बगतो, पण मधीच अडाकतंय. हात कुठनं घालायचा?"

मागच्याच आठवड्यात मी ढाकेवर एक पोरगं फेकलं होतं. मी म्हणालो, "मला काय म्हाईत राव, मी पण असाच."

"मंग जाऊ द्या," तो म्हणाला. "दोगंबी आडाणी."

त्याची आई चुलीपाशी होती. तांदळाच्या भाकरी, वाटाण्याची आमटी. तिनं माझं फडकं बघितलं. "कान दुखतोय व्हय रं लेकरा?" आणि उठली, लसूण ठेचला, वाटीत तेल घातलं, चुलीवर धरलं. मला काय होतंय कळायच्या आत ती वाटी घेऊन माझ्यासमोर. "सोड ते फडकं. कोमट हाय, घालते कानात."

"नको, नको मावशी."

"आरं कसा लाजतोय!"

"डॉक्टरनी तेल नको सांगितलंय."

"डाक्टरला काय कळतंय!" तिनं गाठीला हात घातला. मी तिचा हात धरला. जरा जोरात धरला. ती चटकन मागं झाली. पोरगा म्हणाला, "आये, राहू दे, दुखत आसंल." तिनं वाटी झाकून कोनाड्यात ठेवली, म्हणाली, "मंग निजताना घाल बरं का, संगं बाटलीत देते." तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते. मी खाली मान घालून चौथी भाकरी खाल्ली.

दुपारी आखाडा. कापणी झालेलं खाचर नांगरून केलेला. कर्णा बॅटरीवर चालणारा, मधेच घरघरायचा. "हॅलो, हॅलो, ज्या कोणाची बैलगाडी वाटेत उभी हाय त्यांनी बाजूला घ्यावी, न्हाईतर बैल आखाड्यात घेण्यात येतील." लोक हसत होते. मी कडेनं फेरी मारली, फडकं बांधून. पंचांनी मला बघितलं, उंची बघितली, तालीम विचारली, मी पाठ केलेलं बोललो, आणि जोड लागली. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याशीच.

मातीत आलो, सलामी झाली. त्यानं माझ्या खांद्याला माती लावली आणि कानाजवळ येऊन म्हणाला, "पावणं, आमच्याकडं जेवलाय म्हणून ढिलं धरू नका हं. आईची आन."

हे मला शब्दन् शब्द आठवतंय. बाकी काय विसरलो असेन, हे नाय.

आणि मी ढिलं धरलं.

का? लई वेळा विचार केलाय. पहिल्या मिनिटातच त्याचा उजवा पाय मोकळा दिसला, एका झटक्यात गेला असता. वर देवळाच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या, त्यात त्याची आई. ती माझ्याच काळजीनं ओरडत होती म्हणजे बघा, "पावण्याचा कान सांबाळ रं!" त्या वळांची लाज वाटत होती, हे खरंय. पण नुसती लाज नव्हती. मला एकदम लई मोठं वाटलं. वाटलं, मी पैलवान, हा बिचारा अडाणी, देऊन टाकू याला. जत्रेत चिल्लर वाटतात तसं. त्यानं खाली वाकून माझे पाय धरले, पटात घेतलं, मी पाय सैल सोडला, पाठ मातीला टेकवली, खांदे पण नीट टेकवले, पंचांना शंका नको म्हणून.

एकच आरडाओरडा झाला. कोणी टोप्या उडवल्या. तो माझ्या छातीवर होता, आणि उठला नाय. माझ्या तोंडाकडं बघितलं. हळूच म्हणाला, "पावणं?"

एवढंच. प्रश्न विचारल्यासारखं. त्याला कळलं होतं. अंगाला कळतं हो, समोरच्याचा जोर अचानक कुठं गेला ते. तेव्हाच म्हणायचं होतं, मी मुद्दाम पडलो होतो. हेच ते चार शब्द. मी काय म्हणालो? "लई ताकद राव तुझ्यात!"

आणि त्याचं तोंड उजळलं. शंका गेली. मी घालवली.

त्याला खांद्यावर घेऊन नाचले. निघताना त्याच्या आईनं मला फडक्यात तांदूळ बांधून दिले, आणि बाटली. "हारलास म्हून काय झालं. कानाची काळजी घे." दोन तास उतरत होतो आणि स्वतःवर खूश होतो, खरं सांगतो. वाटत होतं आपण किती दिलदार.

पंधरा दिवसांनी आमच्या पठारावरच्या एका गावची जत्रा. इथं मी उघड्या कानांनी होतो, इथं सगळे ओळखतात, इथं कान हीच इज्जत. लंगोट लावून अंगाला तेल चोळत होतो तेवढ्यात एक जीप आली. जीप कसली, माणसांचा ढीग. टपावर पाच, मागं लोंबकळणारे चार. आणि त्यातून तो उतरला, धावत आला.

"पावणं! तुमच्याकडची जत्रा बगायला आलो, जेवताना तुमीच सांगितलेली!" आणि थांबला. माझ्या कानांकडं बघितलं. एकाकडं, मग दुसऱ्याकडं.

मला वाटलं, संपलं. आता थोबाडीत मारेल. मारायला पाहिजे होती.

तो हसला. मोठ्यानं. मागं वळून त्याच्या माणसांना ओरडला, "आरं ह्यो तालमीतला हाय! कान बगा! मी तालमीतला पैलवान पाडलाय!" आणि मला मिठी मारली. "कानाचं खोटं बोलला व्हय तुमी! आमाला फशिवलं! तरी पाडलं का न्हाई?"

एक लबाडी उघडी पडली आणि तिनं दुसरी पक्की केली. मी हसलो. काय करणार होतो?

त्याची माणसं थेट पंचांकडं. आमच्या पोरानं तुमचा पैलवान पाडलाय, आमाला मोठी जोड द्या. पंच आमच्याच भागातले, वयस्कर, पांढऱ्या मिशा. त्यांनी बघितलं, एक नगरकडचा तालमीतला पैलवान बिनजोडीचा बसला होता. माझ्यापेक्षा दहा-बारा किलो जड, सात-आठ वर्षं मातीत मुरलेला. पंचांना पण धाकधूक होती. त्यांनी मला बोलावलं. माइक हातातच होता.

"काय रं, ह्यानं पाडलं तुला?"

सगळा आखाडा ऐकत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "आरारा, आपला गडी डोंगरात जाऊन लोळला व्हय!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "करवंदं खायला गेला व्हता त्यो!"

पंच म्हणाले, "खरं सांग. जोड लावायची का नको, त्या पोराच्या अंगाचा प्रश्न हाय."

हे पण त्यांनी सांगितलं होतं. मी असं म्हणू शकत नाय की मला कळलं नाय.

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, छाती फुगवून. खरं बोललो असतो तर तो तिथं, त्या जीपभर माणसांसमोर, बारीक झाला असता. आणि मी? मी कान झाकून पोरं पाडणारा, आणि वर कुस्त्या सोडणारा, माझ्या भागातल्या सगळ्यांसमोर. यातलं कशाला जास्त भ्यालो ते मी आज पण सांगू शकत नाय. म्हणजे सांगू शकतो. दुसऱ्या गोष्टीला, माझ्या फजितीला.

"हो," मी माइकमध्ये म्हणालो. "निकाली पाडलं. चोख."

कुस्ती दीड मिनिट पण नाय चालली. त्या नगरच्या पैलवानाची काय चूक नाय, त्याला बरोबरीचा गडी म्हणून दिला होता, तो तसाच खेळला. आणि काय मारावं त्यानं? ढाक. तालमीत पहिल्या वर्षी डाव शिकवतच नाहीत, पडायला शिकवतात. हात टेकायचा नाय, हात आत घ्यायचा, खांद्यावर गोल जायचं. त्याला कोण शिकवणार? हवेतून खाली येताना त्यानं उजवा हात सरळ खाली रोवला, आपण अडखळलो की रोवतो तसा. वरून दोघांचं वजन. आवाज मला तिसऱ्या रांगेत आला.

तो ओरडला पण नाय. उठून बसला आणि कोपराकडं बघत राहिला, ते उलट्या बाजूला वळलं होतं. मग म्हणाला, "आसं मारत्यात व्हय ढाक."

त्याला जीपमध्ये घातलं. मी गेलो का बरोबर? नाय. मी कनातीमागं उभा होतो. जीप वळेपर्यंत तिथंच. आणि मग कर्ण्यावर माझी जोड पुकारली, आणि मी गेलो, मातीत उतरलो आणि खेळलो. जिंकलो पण. पटका बांधून फेरी मारली.

त्याला भेटायला गेलो नाय. स्वतःला सांगत राहिलो, तिकडं गाड्या नाहीत, चालावं लागतं. जत्रेला मी दोन तास चालत गेलो होतो.

पुढचा सीझन खेळलो नाय. लोकांना सांगितलं गुडघा गेला. गुडघा ठणठणीत आहे. आईला अजून वाटतं गुडघ्यानं माझी कुस्ती खाल्ली, थंडीत शेकायला पाणी गरम करून देते.

आणि आज. दुपारी दुकानात गर्दी होती, मी मान खाली घालून टाइप करत होतो. एक जोडपं आलं. "अपंगाच्या दाखल्याचा अर्ज करायचाय," बाई म्हणाली. मी न बघताच, "बसा, नाव सांगा." त्यानं नाव सांगितलं. माझी बोटं थांबली.

जाडा झालाय थोडा. केस गेलेत पुढचे. उजवा हात कोपरात काटकोनात अडकलाय, सरळ होत नाय आणि दुमडत पण नाय. फाट्यावरच्या एका धाब्यावर गाड्या लावून घ्यायचं काम करतो, पंधराच दिवस झाले आलेला. त्यानं मला दोन सेकंदात ओळखलं.

"पावणं!!" सगळं दुकान वळलं. "आगं, हेच ते! हेच!"

बायको उभीच राहिली. "म्हंजे तुमी पाडलेलं पैलवान हेच व्हय?" डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं मला नीट बघितलं, कान बघितले. "आवो, आमच्या आबांनी त्येवड्याव तर स्थळ पसंत केलं. म्हनलं हाताचं काय एवडं, तालमीतला गडी लोळवलाय त्यानं, दम हाय पोरात. आमच्या गावात समद्यांना म्हाईत हाय."

"आन कसं!" तो लाइनीतल्या लोकांना सांगायला लागला. "पटात घेतला आन उताना. इचारा हेंना!"

लोकांनी माझ्याकडं बघितलं. पुन्हा तेच. फक्त माइक नव्हता.

"हो," मी म्हणालो. "लई ताकद होती."

मग अर्ज पूर्ण केला. अपंगत्वाचे कारण, असा रकाना असतो त्यात. मी विचारलं, "इथं काय लिहू?" तो म्हणाला, "ल्ह्या की, कुस्ती खेळताना." आणि जरा अभिमानानं, "मोठी जोड व्हती म्हनून पन ल्ह्या, बसत आसंल तर." बसत होतं. मी टाइप केलं. स्पेलिंग तपासलं. प्रिंट काढली. त्यानं डाव्या हातानं सही केली, वेळ लागला, मी कागद धरून ठेवला. फोटो नव्हते आणलेले, तर सोमवारी आणून देतो म्हणाला. जाताना डाव्या हातानं माझ्या पाठीत थाप मारली. "तुमी तवा खरं सांगितलं माइकाव. दुसरा आसता तर नाय म्हनला आसता, लाजंनं."

म्हणजे सोमवारी तो परत येणार. आज शनिवार.

सांगितलं तर काय होईल? हात तर सरळ व्हायचा नाय. त्याच्याकडं त्या हाताच्या बदल्यात एकच गोष्ट आहे आणि ती मी दिलेली खोटी आहे, आणि ती काढून घ्यायची की नाय हे पण मीच ठरवायचं? आणि नाय सांगितलं तर हे त्याच्यासाठी की पुन्हा माझ्याचसाठी, हे मला कसं कळणार? मला वाटतं त्याला खरं सांगायला पाहिजे. त्यानं एकच मागितलं होतं माझ्याकडं, ढिलं धरू नका, आईची आन घालून. पण मला हे पण माहितीये की सोमवारी दुकान उघडताना मी म्हणेन, आज गर्दी आहे.

तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? तुम्ही केलेली लबाडी दुसऱ्या कोणाची तरी आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होऊन बसलीये, तो ती चार लोकांत सांगतोय, आणि तुम्ही शेजारी उभे राहून हो म्हणताय? मग सांगितलं का तुम्ही? आणि तो काय म्हणाला?